मानेचे दुखणे

मराठी भाषेने प्रतिष्ठा आणि शरीराचा एक अवयव या दोहोंना एकच शब्द दिला आहे. व्याकरणाने एकाला पुल्लिंगी आणि दुसरीला स्त्रीलिंगी ठरवून त्यांची वाटणी केली खरी, पण बोलण्यात ती टिकत नाही. कुणी मान ताठ ठेवून चालतो, कुणी मान तुकवतो, कुणाचा मुलगा बापाला मान खाली घालायला लावतो आणि साहेबाच्या प्रत्येक वाक्याला नंदीबैलासारखी मान डोलावणारे तर प्रत्येक कचेरीत सापडतात. या साऱ्या वाक्प्रचारांत मान ही स्वभावाची खूण झाली आहे. परंतु एखाद्या सकाळी उशीवरून उठताना तीच मान एका बाजूला धरते, मागून कुणी हाक मारली तर सबंध अंगानिशी वळावे लागते, आणि मग ताठ मानेचे कौतुक कुणालाच राहत नाही.

मान या अवयववाचक शब्दाचे मूळ संस्कृतातील 'मन्या' या शब्दात आहे. मान धरण्याला आपल्या जुन्या वैद्यांनी 'मन्यास्तंभ' असे नाव दिले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये त्याची गणना केलेली असून दिवसा झोपणे, उंचसखल जागी मान ठेवणे, मान वाकडी करून वर पाहत राहणे अशी त्याची कारणे सांगितली आहेत. रोगाच्या उपपत्तीविषयी मतभेद होतील. परंतु ही कारणे लिहिणाऱ्याने माणसे झोपतात कशी आणि पाहतात कशी याचे बारकाईने निरीक्षण केले होते, हे कुणालाही मान्य करावे लागेल. दुखणे जुने आहे, आणि आजही ते विरळा नाही. सबंध जगातील व्याधींचा जो मोठा हिशेब तज्ज्ञ मंडळी ठेवतात, त्यानुसार २०२० साली सुमारे वीस कोटी तीस लाख माणसांना मानेच्या दुखण्याने ग्रासले होते.

असे का व्हावे हे समजण्यासाठी मानेची बांधणी थोडी पाहिली पाहिजे. मानेत सात मणके असतात. जिराफाची मान सहा फूट लांब असली तरी तिच्यातही मणके सातच; निसर्गाने तेथे संख्या न वाढवता प्रत्येक मणका लांब केला. माणसाच्या या सात मणक्यांवर साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. पहिला मणका कड्यासारखा असून त्यावर कवटी टेकते, आणि होकार देताना डोके जे पुढेमागे हलते त्याचा मोठा वाटा या सांध्याचा असतो. दुसऱ्या मणक्यातून एक दातासारखा खुंट वर निघालेला असतो. त्याच्याभोवती पहिला मणका जात्याच्या वरच्या तळीसारखा फिरतो. मान उजवीडावीकडे जितकी वळते त्यातील जवळजवळ निम्मे वळण या एकाच ठिकाणी होते. म्हणजे माणसाचा नकार मुख्यत्वे या खुंट्यावर फिरतो असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या मणक्याच्या खाली मात्र प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरील चुंबळ ज्याने पाहिली आहे त्याला ही गादी समजावून सांगावी लागणार नाही. बाहेरून चिवट तंतूंचे वेढ्यावर वेढे आणि आत मऊ, ओलसर गर. या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या हाडातून झिरपून होते. म्हणूनच शरीराच्या अन्य भागांच्या मानाने तिला वार्धक्य लवकर येते. शहाळ्यातील मलईचे जसे पुढे खोबरे होते, तसा तिचा गर वयाच्या विशी-तिशीपासून हळूहळू सुकू लागतो. गादीची उंची कमी होते, कडा बाहेर फुगतात, आणि मणक्यांच्या कडांवर हाडाचे लहान काटे उगवतात. पाचवा, सहावा आणि सातवा हे मणके जेथे एकमेकांना भेटतात तेथे हा प्रकार सर्वांत अधिक दिसतो, कारण मानेचा वाकण्याचा ताण तेथे एकवटतो.

या झिजेला वैद्यकात स्पाँडिलोसिस म्हणतात. भारतात मात्र, मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत, तिला सरसकट 'स्पाँडिलायटिस' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. फरक एका प्रत्ययाचा दिसतो, पण तो क्षुल्लक नाही. त्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ दाह, सूज असा होतो, आणि दाह म्हटला की तो विझवलाच पाहिजे असे रोग्याच्या मनाने घेतले जाते. वास्तविक केस पिकणे आणि मानेच्या गाद्या सुकणे यांत जात एकच. २०१५ साली जपानी डॉक्टरांनी मानेचे कसलेही दुखणे नसलेल्या १,२११ माणसांच्या मानेच्या चुंबकीय प्रतिमा काढून तपासल्या. त्यांतील सुमारे सत्याऐंशी टक्के माणसांत एक तरी गादी बाहेर फुगलेली आढळली, आणि विशीतील तरुणही त्याला अपवाद नव्हते. ही सारी माणसे आपापला संसार, आपापली नोकरी कुरबुरीवाचून करीत होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलावी लागते. क्ष-किरण चित्रातील झीज आणि रोग्याची वेदना यांचे नाते वाटते तितके सरळ नसते. कित्येकदा असे घडते की, एखाद्या चाळिशीच्या गृहस्थाची मान आठ दिवस दुखते, कुणीतरी चित्र काढवून घेते, अहवालात 'झीज' हा शब्द येतो, आणि त्या दिवसापासून तो गृहस्थ स्वतःला मणक्याचा रोगी समजू लागतो. सूर्यनमस्कार बंद होतात, नातवाला उचलणे बंद होते, प्रवासात गळपट्टा बांधला जातो. दुखणे महिन्याभरात ओसरले असते. पण त्याची धास्ती दहा वर्षे राहते. चक्कर येण्याचेही तसेच. अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढताना घर गरगर फिरले, की मानेला दोष देऊन मोकळे होण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. अशा चकरेचे मूळ बहुधा कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या भागात असते, आणि डोके ठराविक रीतीने फिरवून ती अनेकदा एका बैठकीत बरी करता येते. मानेला पट्टा बांधून कानाचा विकार कसा जाणार?

मग मान दुखते कशाने? बहुसंख्य रोग्यांत दुखणे स्नायू, अस्थिबंध आणि मणक्यांचे लहान सांधे यांतून उद्भवते, आणि नेमका कोणता धागा दुखावला आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही. सांगण्याची गरजही नसते. मशीनवर ओणवा झालेला शिंपी, निखाऱ्यावर फुंकणी धरणारा सोनार, वह्यांचे गठ्ठे तपासणारा शिक्षक, ही या दुखण्याची जुनी मंडळी. त्यांच्यात आता हातातील दूरध्वनीकडे तासन्‌तास पाहणाऱ्यांची भर पडली आहे. २०१४ साली एका अमेरिकन शल्यवैद्याने गणिताने असे मांडले की, डोके साठ अंश पुढे झुकवल्यास मानेवर सुमारे सत्तावीस किलोचा भार पडतो. हा आकडा वर्तमानपत्रांनी जगभर नेला. तो कागदावरील नमुन्याचा आकडा होता, जिवंत माणसांच्या दुखण्याची मोजदाद नव्हती, हे मात्र बहुतेकांनी सांगितले नाही. खरे पाहता अमुक एक बैठक वाईट आणि तमुक चांगली असे ठाम म्हणण्याजोगा पुरावा थोडा आहे. एकाच बैठकीत निश्चल राहणे स्नायूंना सोसत नाही, एवढे मात्र अनुभवाला पटते. शिवाय झोप अपुरी असेल, डोक्यावर कर्जाची किंवा नोकरीची चिंता असेल, तर खांद्यापासून मानेपर्यंतचे स्नायू नकळत आवळलेले राहतात. 'मानगुटीवर बसणे' हा वाक्प्रचार उगाच पडलेला नाही.

डोक्यावरच्या ओझ्याचा विचार वेगळा करायला हवा, कारण या देशात मानेने पोट भरणारे लोक आहेत. १९८६ साली केनियातील लुओ आणि किकुयू स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लुओ स्त्रिया डोक्यावर आणि किकुयू स्त्रिया कपाळाला पट्टा लावून ओझे नेतात. स्वतःच्या वजनाच्या एकपंचमांशापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ जादा शक्ती खर्च न करता नेऊ शकतात असे त्यात दिसले. लहानपणापासूनचा सराव आणि तोल यांची ही किमया. पण पाण्याची घागर वेगळी आणि धान्याचे पोते वेगळे. पाठीमानेवर वर्षानुवर्षे पोती वाहणाऱ्यांच्या मणक्यांची झीज अकाली आणि अधिक होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने नित्य वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा पंचावन्न किलो असावी अशी शिफारस केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ साली, महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. माथ्यावर ओझे घेणारा तो माथाडी. कायद्याच्या नावातच अवयव आला आहे. तिकडे केरळात जुन्या वाटांवर दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवा अशी ओझे टेकवण्याची ठिकाणे असत. त्यांना 'अत्ताणी' म्हणतात, आणि त्या नावाची गावे आजही आहेत. आडवा दगड पुरुषभर उंचीवर असल्यामुळे ओझे उतरवायला दुसऱ्या माणसाची मदत लागत नसे, आणि मानेला मध्ये मध्ये विसावा मिळे. ज्याने ती योजना केली त्याने मानेच्या वैद्यकाचे एक कलम दगडात लिहून ठेवले.

साध्या दुखण्यावर उपाय काय? पहिला उपाय धीर. नव्याने धरलेली मान बहुधा काही दिवसांत मोकळी होते आणि काही आठवड्यांत दुखणे बरेच ओसरते. पुन्हा कधीतरी ते डोके वर काढते, हेही खरे. शेक द्यावा, हलक्या हाताने तेल चोळावे, वेदना फार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस वेदनाशामक गोळी घ्यावी. या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेत राहिल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात, हे अनेकांना उशिरा कळते. अंथरुणाला खिळून राहण्याचे कारण नाही. मान दुखेल न दुखेल अशा बेताने हलवीत राहावी. उशी मान आणि गादी यांच्यामधील पोकळी भरेल एवढीच असावी. कुशीवर झोपणाऱ्याला ती थोडी जाड लागते, पाठीवर झोपणाऱ्याला पातळ. उशीच टाकून देण्याचा सल्ला आपल्याकडे मुक्तहस्ताने दिला जातो. त्यात विशेष तथ्य नाही.

जुनाट दुखण्यावर मात्र खरा आधार व्यायामाचा. फिनलंडमध्ये कचेरीत काम करणाऱ्या आणि दीर्घकाळ मान दुखत असलेल्या १८० स्त्रियांवर एक प्रयोग झाला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले होते. एका गटाने लवचीक पट्ट्याच्या विरोधाने मानेचे स्नायू बळकट केले, दुसऱ्याने उताणे आणि पालथे निजून डोके उचलण्याचा सराव केला, आणि तिसऱ्याला फिरणे-पळणे व अंग ताणण्याचे व्यायाम सांगितले. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांचे दुखणे तिसऱ्याच्या मानाने पुष्कळच कमी झाले होते. फळ मिळाले ते वर्षभराच्या चिकाटीला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे व्यायाम आठ दिवस होतो आणि पट्टा आठ वर्षे वापरला जातो. घरी करण्याजोगा व्यायाम अगदी साधा आहे. तळहात कपाळाला लावून डोक्याने त्याला पुढे रेटावे आणि हाताने डोक्याला तितकेच मागे, म्हणजे डोके जागचे हलणार नाही. पाच-सात सेकंदांनी सोडावे, आणि हीच रीत मागच्या बाजूला आणि दोन्ही कानांवर करावी. खांद्यांचे फरे मागे ओढून धरण्याचा व्यायामही याच्या जोडीने करावा.

काय करू नये हेही सांगितले पाहिजे. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मानेला हिसका देऊन कडकड वाजवून घेण्याची हौस पुष्कळांना असते. त्या आवाजाने हलके वाटते, आणि बहुतेक वेळा काही बिघडतही नाही. परंतु मेंदूच्या मागील भागाला रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच वर जातात. हिसक्याने त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. १९९३ साली तर अमेरिकेतील एका डॉक्टराने केस धुण्यासाठी मान बराच वेळ मागे टाकून बसलेल्या पाच स्त्रियांना झालेल्या अशा आघाताचे वर्णन प्रसिद्ध केले. अशी प्रकरणे क्वचित घडतात. पण ज्याच्यावर प्रसंग येतो त्याच्या दृष्टीने क्वचित या शब्दाला अर्थ नसतो.

आता मानेच्या दुखण्याची दुसरी जात. मानेत मणके सात, पण मज्जारज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या आठ. गादीचा तुकडा किंवा हाडाचा काटा यांपैकी एखाद्या तंतूच्या मुळावर दाबला, की कळ मानेत न राहता खांद्यावरून हातात उतरते. ती कोणत्या बोटापर्यंत जाते यावरून डॉक्टर तंतूचा क्रमांक ओळखतात. अंगठा आणि तर्जनी बधिर झाली तर सहावा, मधले बोट झाले तर सातवा, करंगळी झाली तर आठवा. असा रोगी रात्री हात डोक्यावर ठेवून झोपतो, कारण त्याने तंतूवरचा ताण सैल होतो. ही युक्ती त्याला कुणी शिकवलेली नसते. डाव्या हाताची कळ मात्र छातीतील दाब, घाम आणि धाप यांच्यासह आली, तर मानेचा विचार बाजूला ठेवून हृदयाची तपासणी तत्काळ करावी.

या तंतूच्या दुखण्याचा भविष्यकाळ लोकांना वाटतो तितका काळा नाही, हे दाखवून देण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एका भारतीय डॉक्टरांकडे जाते. केरळचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. के. राधाकृष्णन् यांनी अमेरिकेतील रोचेस्टर येथे असताना त्या गावातील १९७६ ते १९९० या काळातील ५६१ रोग्यांचा माग काढला, आणि १९९४ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे सव्वीस टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. परंतु अखेरच्या तपासणीच्या वेळी शंभरातील नव्वदांना त्रास अजिबात नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. फुटून बाहेर आलेला गादीचा भाग शरीर कालांतराने शोषून घेते, आणि सूज उतरते. गळपट्ट्याचा खरा उपयोग येथे आहे. हॉलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नुकतीच हातात कळ सुरू झालेल्या रोग्यांना पहिले काही आठवडे पट्टा आणि विश्रांती किंवा व्यायामोपचार दिल्याने, नुसती वाट पाहण्यापेक्षा अधिक आराम पडला. सहा आठवड्यांनंतर मात्र पट्टा खुंटीला टांगावा. हातातील शक्ती कमी होत चालली, किंवा महिने लोटले तरी कळ हटली नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

तिसरी जात सर्वांत घातक, आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की तिच्यात मान फारशी दुखतच नाही. येथे दाब तंतूवर नसून खुद्द मज्जारज्जूवर असतो. अशा माणसाला प्रथम सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागू लागतो. मोड मोजताना नाणी बोटांतून निसटतात, ताटातील भाताचा घास नीट वळला जात नाही, सही बदलते आणि बँकेतला कारकून ती परत करतो. चालताना पाय जड वाटतात. चप्पल पायातून केव्हा निघून गेली हे त्याला कळत नाही. मागून येणारा कुणीतरी सांगतो तेव्हा तो वळून पाहतो. मान खाली वाकवली की पाठीच्या कण्यातून विजेसारखी एक लहर खाली जाते. या लक्षणाकडे फ्रेंच डॉक्टर लेर्मीत यांनी १९२४ साली लक्ष वेधले. घरची माणसे हे सारे वयावर घालतात. कुणी मधुमेहावर घालतो, कुणी जीवनसत्त्वांची सुई देतो, कुणी मसाज करवतो. असे महिने जातात, क्वचित वर्षेही, आणि अखेर लघवीवरचा ताबा सुटू लागतो तेव्हा धावाधाव सुरू होते.

हा उशीर भरून येत नाही. मानेच्या पुढच्या बाजूने शिरून दाबणारी गादी काढून टाकण्याची आणि तेथे हाडाचा तुकडा बसवण्याची शस्त्रक्रिया १९५८ पासून वैद्यकात सुप्रतिष्ठित झाली, होनोलुलूचे डॉ. क्लोवर्ड आणि अमेरिकेतील स्मिथ व रॉबिन्सन यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. आज ती भारतातील मोठ्या शहरांत नित्य होते, आणि अनुभवी हातांत बरीच निर्धोक आहे. परंतु तिचे मुख्य काम बिघाड पुढे जाऊ न देण्याचे. जे गेले त्यातील काही परत येते, सारे येत नाही. आणि जितका काळ लोटला असेल तितके कमी येते. ज्या रोग्याला शस्त्रक्रियेची गरज नसते तो चित्रातील झीज पाहून ती करून मागतो, आणि ज्याला खरी गरज असते तो मान दुखत नाही म्हणून घरी बसतो, असा उलटा व्यवहार पुष्कळदा पाहायला मिळतो.

मानेच्या दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. औषधे महिनोन्‌महिने पण नेमाने घेतल्यास तो बरा होतो. ताप, तीव्र डोकेदुखी आणि ताठलेली मान ही तिन्ही एकदम आली तर तो मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. तेथे सकाळची वाट पाहू नये. पडल्यानंतर किंवा वाहनाच्या अपघातानंतर मान दुखत असेल तर ती चोळू नये, वळवू नये, आहे त्या स्थितीत आधार देऊन रुग्णालयात न्यावे.

मज्जारज्जूवरील दाबाची शंका आली तर एक परीक्षा घरातही करून पाहता येते. हात पुढे धरून दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा पूर्ण मिटता आणि पूर्ण उघडता येईल तितक्या वेळा तसे करावे. निरोगी माणसाचे वीस किंवा अधिक वेळा होते. वीसही होत नसतील आणि बोटे पूर्ण सरळ होण्यापूर्वीच पुन्हा मिटत असतील, तर त्याच आठवड्यात मज्जाविकारांच्या तज्ज्ञाकडे जावे, आणि गुंडी लावायला किती महिन्यांपासून वेळ लागतो आहे हे त्यांना प्रथम सांगावे.